क्रोन्स आणि संधिवात दोन्ही असताना खावं काय, आणि बोलावं कुणाशी?

तुम्ही विचारलंय की धाकट्या भावाला, वय २३, क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला सूज आणणाऱ्या जुनाट दुखण्याचं, निदान झालंय, घोटे-गुडघेही सुजतात आणि घरात प्रत्येक जण वेगळं पथ्य सांगतोय. नुसत्या आहारानं हे बरं होईल का? आणि असं दुखणं असलेलं कुणी आजूबाजूला भेटेल का?

मी डॉक्टर नाही. बेळगावात, वडगावला, साड्यांना फॉल-पिको करून देते आणि गेली अकरा वर्षं ही दोन्ही दुखणी अंगावर वागवते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. लहान मुलांना काही आठवडे फक्त पातळ पोषक आहारावर ठेवून आतड्याची सूज उतरवतात हे खरं, पण तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. घरात भाकरी बंद करून भात सुरू केला आणि क्रोन्स गेला, असं होत नाही.

माझं वजन एकदा ३८ किलोवर आलं होतं. त्यात आजाराचा वाटा निम्मा आणि पथ्याचा निम्मा, असं मी आज म्हणते. पोटासाठी एकानं सांगितलं: दूध नको, डाळ नको, पालेभाजी नको, भाकरी नको, तिखट तर नावालाही नको. सांध्यांसाठी दुसऱ्यानं सांगितलं: दही-ताक नको, चिंच-टोमॅटो नको, बटाटा वातूळ, हरभरा वातूळ, वांगं तर बघूसुद्धा नको. या दोन्ही याद्या एकाच ताटाला लावल्या की ताटात मीठ उरतं. मी कित्येक महिने जवळजवळ तेच खाल्लं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "ठेचा खाऊन खाऊन पोट बिघडवून घेतली ही." त्यांच्यावर राग नाही माझा, पण ठेच्यानं क्रोन्स होत नाही. अंगाची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही सूज येऊ शकते, जास्त करून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला. तीच उलटलेली शक्ती सांध्यांनाही धरते. म्हणजे भावाला दोन आजार झालेत असं समजू नका.

हे मला फार उशिरा कळलं आणि त्याची किंमत मोजून कळलं. घोटा इतका सुजला की मशिनचा पायटा मारता येईना. पोटाचा डॉक्टर वेगळा, हाडांचा वेगळा, आणि मी एकाला दुसऱ्याचं काही सांगितलं नव्हतं. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून महिनाभर घेतल्या. घोटा उतरला आणि पोट पेटलं. दिवसातून बारा-बारा वेळा संडास, रक्त, ताप. अशा वेदनाशामक गोळ्यांनी आतड्याचा आजार उसळू शकतो, म्हणून भावाला आधी एवढंच सांगा: गुडघा दुखला म्हणून मनानं गोळी घ्यायची नाही. मोठ्या सांध्यांची सूज, म्हणजे गुडघे-घोट्यांची, बऱ्याचदा पोटाच्या मागोमाग चालते. पोट शांत झालं की तीही उतरते. कंबर आणि पाठ मात्र पोटाचं ऐकत नाही. पहाटे कंबर आखडून जाग येत असेल आणि हिंडल्या-फिरल्यावर मोकळं वाटत असेल, तर ते डॉक्टरांना वेगळं सांगायला हवं. त्याची तपासणीही वेगळी असते.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट होते. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतूनही जुळ्या भावांसारखे दिसतात. मलाही आधी क्षयाची औषधं दिली होती. त्यासाठी कुणाला नावं ठेवत नाही, भल्या भल्या डॉक्टरांनाही यातून वाट काढावी लागते. भावाचे बायोप्सीचे, म्हणजे आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासल्याचे, कागद जपून ठेवा. पुढं बायोलॉजिकल, म्हणजे उलटलेली प्रतिकारशक्ती आवरणारी इंजेक्शनं सुरू करायची वेळ आली, तर आधी क्षय लपलेला नाही ना हे पुन्हा बघतात.

आता खाण्याचं. मी दोन ताटं ठरवलीत, वाईट दिवसांचं आणि बऱ्या दिवसांचं.

वाईट दिवसांत गुरगुट्या भात, बिनफोडणीचं मुगाचं वरण, दुधी किंवा लाल भोपळा मऊ शिजवून, उकडलेलं अंडं, पिकलेलं केळं, आणि गाळून घेतलेली नाचणीची आंबील. एकदम पोटभर नाही, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. या दिवसांत मासे खाणाऱ्यानं मासे जरूर खावेत, कारण सूज असताना शरीर प्रथिनं भराभर खर्च करतं आणि नुसत्या पेजेवर माणूस वाळतो. कारवार-गोव्याकडची मासळी आपल्या बाजारात येते, रस्सा मात्र आपल्या पद्धतीचा नको.

बऱ्या दिवसांत मी जोंधळ्याची भाकरी खाते. पातळ थापलेली, मऊ, चावून चावून. शेंगदाण्याची चटणी खाते, पण कूट बारीक लागतं. ताक मला चालतं, दूध चालत नाही, कारण दुधातली साखर मला पचत नाही. तो माझ्या आतड्याचा गुण, क्रोन्सचा नियम नव्हे. भावाला दूध पचत असेल तर उगाच बंद करू नका. कुंदा आणला की मी एक चमचा खाते. बेळगावात राहून तेवढंही खायचं नाही म्हणजे काय!

एका बाबतीत मात्र हट्ट करायचा नाही. आतडं कुठं अरुंद झालंय असं स्कॅनमध्ये आलं असेल, तर दोऱ्याचे, चोथ्याचे पदार्थ बंदच: शेवग्याची शेंग, मक्याचं कणीस, ऊस, फणस, बियांसकट पेरू, कच्ची कोशिंबीर. ते तिथं अडकतं. पोट फुगून पिळवटून दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या आणि वारा सरेना, तर ओवा-हिंग करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि एक वही करा. मी गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायचे: काय खाल्लं, किती वेळा जावं लागलं, सकाळी बोटं-घोटे किती वेळ आखडले. दोन महिन्यांत कळलं की मी ज्याला घाबरत होते त्यातलं निम्मं निर्दोष होतं. वांगं बिचारं निर्दोष निघालं. चहा मात्र गुन्हेगार, तोही उपाशीपोटी घेतला तरच. बी-१२, लोह आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. बी-१२ नेमकं त्या शेवटच्या टोकालाच शोषलं जातं, त्यामुळं मला त्याचं इंजेक्शनच घ्यावं लागतं. आणि भाऊ बिडी-सिगरेट ओढत असेल, तर सगळ्या पथ्यांआधी ती सुटायला हवी. क्रोन्सला तंबाखूचा धूर फार वाईट. निपाणीकडं आमचे निम्मे पाहुणे तंबाखूतले, त्यांना हे सांगताना तोंड वाईट होतं, पण सांगते.

आता दुसरा प्रश्न. मला पहिला सोबती दवाखान्याच्या बाकड्यावर भेटला. बस कंडक्टर, गोकाकच्या बाजूचे, घरी कन्नड. दोघांच्या हातात सारख्याच गोळ्यांची पाकिटं बघून त्यांनीच विचारलं, "होट्टी हेंग ऐत्री?" पोट कसं आहे म्हणून. चार वर्षांत हा प्रश्न नवऱ्यानंही असा सरळ विचारला नव्हता. त्यांचं मराठी मोडकं, माझं कन्नड त्याहून मोडकं, पण संडास, रक्त, वारा हे शब्द दोन्ही बाजूंनी न लाजता बोलले गेले. मी त्यांना अण्णा म्हणते. बेळगाव ते अथणी कुठल्या स्टँडवरच्या संडासाची कडी लागते, कुठं पाणी असतं, कुठल्या हॉटेलचा मालक न कुरकुरता आत सोडतो, हे सगळं त्यांना पाठ. सौंदत्तीच्या यल्लम्माला जायचं मी सोडूनच दिलं होतं. त्यांनी वाट आखून दिली, कुठं उतरायचं तेसुद्धा, आणि मी जाऊन आले. हे कुठलाच डॉक्टर सांगत नाही, त्याला ठाऊकच नसतं.

आज आम्ही पाच जण आहोत. बाकीची तीन माणसं अण्णांनी आणि मी आमच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी ठेवून मिळवली: ‘असा पेशंट आला आणि त्याला बोलायचं असेल तर आमचा नंबर द्या.’ आमचा एकच कायदा आहे. काय खाल्लं, काय सोसलं ते सांगायचं. औषध सोड किंवा वाढव असं कुणी कुणाला सांगायचं नाही. हा कायदा माझ्यामुळंच झाला. बरं वाटतंय म्हणून मी एकदा अझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध, आपल्या मनानं बंद केलं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा स्टेरॉइडवर आले. अण्णा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी फोन करून एवढंच विचारलं, "गोळी चालू?"

आमच्यातला एक मुलगा खानापूरकडचा आहे, तुमच्या भावापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठा. तो कॉलेजला बसनं जातो, पिशवीत जास्तीची पँट ठेवतो आणि त्यावर स्वतःच विनोद करतो. तुमचा भाऊ माझ्यासारख्या काकूपेक्षा त्याच्याशी लवकर बोलेल. भावाला विचारा, आणि तो हो म्हणाला तर तालुका तेवढा कळवा. मी त्या मुलाला विचारून बघते.