ऑस्ट्रेलियाने बोटीने येणाऱ्या आश्रयार्थींना रोखले, हे रांगेत उभे राहून येणाऱ्यांच्या दृष्टीने न्याय्यच नव्हे काय? युरोपनेही हेच धोरण का स्वीकारू नये?

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे मी शेवटी वळेन. पहिल्या भागावर लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण "आम्ही रांगेतून आलो, हे लोक बोटीत बसून घुसले" हे वाक्य मी मेलबर्नमध्ये आपल्याच माणसांकडून, विशेषतः माझ्या साडूंकडून, वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे.

साडू कौशल्याधारित व्हिसावर आले आणि मीही तसाच आलो. इंग्रजीची परीक्षा, पदव्यांचे मूल्यांकन, गुणांची बेरीज हे सारे आम्ही केले. परंतु ती रांगच निराळी आहे. २०१२-१३ मध्ये कायम स्थलांतराच्या कार्यक्रमात १,९०,००० जागा होत्या, तर निर्वासितांसाठीच्या मानवतावादी कार्यक्रमाच्या २०,००० जागा त्याहून स्वतंत्र होत्या. बोटीने आलेल्या कोणीही संगणक अभियंत्याची किंवा परिचारिकेची जागा घेतली नाही. परदेशातील छावणीत थांबलेल्या निर्वासिताची जागा मात्र जात असे, हे मान्य करावे लागेल. तथापि, ती बोटीमुळे जात नव्हती. १९९६ मध्ये जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने छावण्यांतून निवडले जाणारे आणि देशात पोहोचून आश्रय मिळवणारे यांच्या जागा एकाच हिशेबात जोडल्या, म्हणून इकडे एक व्हिसा दिला की तिकडे एक कमी होऊ लागला. दोन निर्वासितांना एकमेकांसमोर उभे करणारा हा निर्णय कॅनबेरातला होता, आणि ज्यांना रांगेचा कळवळा आहे त्यांनी त्याविषयी कधी तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

२०१७ च्या हिवाळ्यात मी एका विधिसहाय्य केंद्रात संध्याकाळी अर्ज टंकून देण्यासाठी जात असे. बोटीने आलेल्यांना अर्जासाठी मिळणारी सरकारी कायदेशीर मदत २०१४ मध्येच बंद झाली होती. त्याहून विचित्र बाब अशी की मंत्र्यांनी परवानगी देईपर्यंत या लोकांना अर्ज करण्याचा अधिकारच नव्हता; त्यात काही वर्षे गेली आणि मग तेव्हाचे स्थलांतरमंत्री पीटर डटन यांनी मे महिन्यात जाहीर केले की १ ऑक्टोबरपर्यंत अर्ज न करणाऱ्यांना देश सोडावा लागेल. त्या घाईत माझ्यासमोर आले ते पाकिस्तानातील क्वेट्टाचे एक हजारा (तिथल्या छळ सोसणाऱ्या शिया अल्पसंख्याक समाजाचे) गृहस्थ. ते उत्तम उर्दू बोलत आणि मला हिंदी येत असल्याने दुभाषा येईपर्यंत आमचे बोलणे अडत नसे. जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या अलमदार रस्त्यावर बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर त्यांनी घर सोडले आणि मलेशिया व इंडोनेशियामार्गे ते हिंदी महासागरातील ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर पोहोचले. अर्जात प्रत्येक पत्ता, प्रत्येक नोकरी, प्रत्येक प्रवास तारखांसह मागितलेला होता. बेटावरच्या पहिल्या मुलाखतीत थोडक्यात उत्तरे द्या असे सांगितल्यामुळे त्यांनी दुकानावर आलेल्या धमकीचा उल्लेख केला नव्हता. आता तो केला तर बनाव ठरेल आणि न केला तर पुढे फेरविचार करणारे प्राधिकरण अपवादात्मक कारणाखेरीज नवी माहिती विचारातच घेणार नाही, अशी ती कोंडी होती. वकीलबाईंनी तो एक परिच्छेद पुन्हा पुन्हा लिहून घेतला. एवढे करून मिळणार काय, तर तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा, ज्यावर पत्नीला आणि मुलांना बोलावण्याची सोय नव्हती.

हे मी जेवताना सांगितले तेव्हा साडू म्हणाले, "खरे असतील तर भरतील की अर्ज, त्यात काय एवढे!" साडूंचा स्वतःचा अर्ज फी घेणाऱ्या एजंटाने भरला होता, ही आठवण मी त्यांना करून दिली आणि त्यानंतर काही महिने आमचे जाणे-येणे थंडावले. तात्पुरत्या व्हिसावरील सुमारे १९,००० लोकांना कायम व्हिसाचा मार्ग फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाला. साडूंना कायम व्हिसा मिळायला दोन वर्षेही लागली नव्हती. रांगेत कोण अधिक काळ उभे राहिले, हे त्यांनीच ठरवावे.

पक्षीय दोष द्यायचा तर तो दोघांनाही द्यावा लागतो. बोटीने आलेल्यांची सक्तीची स्थानबद्धता १९९२ मध्ये मजूर पक्षाच्या कीटिंग सरकारने आणली. समुद्रातून वाचवलेल्या आश्रयार्थींना घेऊन आलेल्या टाम्पा या जहाजाला प्रवेश नाकारल्याच्या प्रकरणानंतर २००१ मध्ये नाउरू हा बेटावरचा देश आणि पापुआ न्यू गिनीचे मॅनस बेट येथे लोकांना ठेवण्याची पद्धत लिबरल पक्षाच्या हॉवर्ड यांनी सुरू केली. ती २००८ मध्ये बंद करणाऱ्या मजूर पक्षानेच २०१२ मध्ये पुन्हा सुरू केली आणि १९ जुलै २०१३ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी बोटीने येणाऱ्या कोणालाही ऑस्ट्रेलियात वसवणार नाही असे घोषित केले. नाउरू-मॅनसमुळे बोटी थांबल्या, असे मला वाटत नाही. ती केंद्रे पुन्हा उघडल्यानंतरच्या वर्षात विक्रमी संख्येने लोक आले. सरकारनेच नेमलेल्या लेखापरीक्षण आयोगाने २०१४ मध्ये सांगितले की बेटावर एका माणसाला वर्षभर ठेवण्याचा खर्च ४ लाख डॉलरहून अधिक आहे. करदात्यांचे नाव घेऊन ओरडणाऱ्यांनी हा आकडा वाचावा.

अर्थात, एक गोष्ट माझ्या बाजूच्या लोकांना बोलायला आवडत नाही. २००८ ते २०१३ या काळात या सागरी मार्गावर हजाराहून अधिक माणसे बुडाली, आणि २०१३ च्या अखेरीपासून नौदलाने बोटी भर समुद्रात परत फिरवायला सुरुवात केल्यावर ते जवळजवळ थांबले. परत पाठवण्याचे समर्थन करायचेच असेल तर ते या मुद्द्यावर करा. त्याला उत्तर देणे मलाही जड जाते. रांगेचा मुद्दा मात्र सोडा.

युरोपविषयी थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया यांच्यामध्ये खुला समुद्र आहे, तरीही जानेवारी २०१४ मध्ये आपल्या नौका इंडोनेशियाच्या हद्दीत शिरल्याबद्दल ऑस्ट्रेलियाला माफी मागावी लागली. डोव्हरजवळ तर ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या सागरी हद्दी एकमेकींना भिडलेल्या आहेत, त्यामुळे फ्रान्सच्या संमतीवाचून बोट परत फिरवायला तिथे जागाच नाही. मग ब्रिटनने ऑस्ट्रेलियाच्या धोरणाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे आश्रयार्थींना तिसऱ्या देशात ठेवणे, उचलला आणि माणसे रवांडाला पाठवण्याचे ठरवले. ती योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने एकालाही सक्तीने न पाठवता गुंडाळली.