लष्करी ओळखपत्र पाहून बिअर विकली तर चालते का?

तुमचा प्रश्न असा आहे की, सॅन दिएगोजवळच्या एका दुकानात तुम्ही नुकतेच गल्ल्यावर काम करू लागला आहात, एका तरुणाने बिअर घेताना ड्रायव्हिंग लायसन्सऐवजी लष्करी ओळखपत्र पुढे केले, तुम्ही ते नाकारले आणि त्यावरून वाद झाला. तर असे ओळखपत्र वयाचा पुरावा म्हणून चालते का? कॅलिफोर्नियात ते चालते. नाकारल्यामुळे तुमच्या हातून कायदा मोडला गेला असे नाही, पण तुमचे गिऱ्हाईक मात्र बरोबर होते.

मी ओशनसाइडमध्ये, म्हणजे कॅम्प पेंडलटन या अमेरिकी मरीन दलाच्या लष्करी तळाच्या अगदी शेजारी, काही वर्षे रात्रपाळीला अशाच दुकानात होतो. राज्याच्या व्यवसाय व पेशाविषयक संहितेतील कलम 25660 मध्ये वयाचा पुरावा म्हणून सशस्त्र दलाच्या सदस्याला दिलेले वैध ओळखपत्र स्वतंत्रपणे नमूद केलेले आहे, आणि त्यावर जन्मतारीख व छायाचित्र असणे एवढीच अट आहे. लायसन्सवर लागते तसे उंची, वजन, डोळ्यांचा रंग असे वर्णन त्यावर असावे लागत नाही. हे माहीत नसल्यामुळेच बहुतेक नवे लोक बिचकतात.

दुसरे कारण कार्डाच्या आकारातच आहे. कॅलिफोर्नियात 21 वर्षांखालील व्यक्तीचे लायसन्स उभे छापतात, त्यामुळे ‘उभे कार्ड दिसले की गिऱ्हाईक 21 वर्षांखालचे समजा’ असे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले होते. सैनिकाचे कार्ड मात्र शिपायापासून जनरलपर्यंत सर्वांचे उभेच असते. दुसऱ्याच आठवड्यात मी अशा एका माणसाला परत पाठवले, ज्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते; तो रागावला नाही, हसला, याची मला आजही अधिक लाज वाटते.

कार्ड हातात घेतल्यावर ते उलटून पाहावे. पुढच्या बाजूला छायाचित्र, नाव, हुद्दा आणि मुदत संपण्याची तारीख असते, तर जन्मतारीख मागे असते. तारखेत आधी वर्ष, मग महिन्याची तीन अक्षरे आणि शेवटी दिवस असा क्रम असतो, त्यामुळे घाईत पुढची मुदतीची तारीखच जन्मतारीख समजून गोंधळ होतो. लायसन्ससाठी बसवलेले यंत्र हे कार्ड वाचीलच असे नाही, म्हणून वजाबाकी आपणच करावी. आणि काहीही झाले तरी कार्डाची छायाप्रत काढू नये किंवा मोबाइलवर फोटो घेऊ नये, कारण अशा ओळखपत्राची नक्कल करणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. आमचे मालक प्रत्येक संशयास्पद कार्डाची प्रत फाइलला लावत असत. एका निवृत्त सार्जंटने त्यांना समजावल्यावर ती सवय सुटली.

कलमातील शब्द ‘सदस्य’ असा आहे, हे मात्र विसरू नये. सैनिकाच्या पत्नीकडे किंवा मुलाकडे, तसेच तळावर काम करणाऱ्या कंत्राटदाराकडेही संरक्षण खात्याचे कार्ड असते. कंत्राटदाराच्या कार्डावर हिरवी पट्टी असते. अशांकडून आम्ही सरळ लायसन्स किंवा पासपोर्ट मागत असू. पासपोर्ट परदेशी असला तरी चालतो, त्यामुळे भारतातून आलेल्या तुमच्या पाहुण्यांनी आधार कार्ड न दाखवता पासपोर्ट जवळ ठेवावा.

‘देशासाठी मरायला चालतो, मग बिअर का नाही?’ हा युक्तिवाद तुम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागेल. मला तो मनातून पटतो, पण त्याचा उपयोग नाही. 1984 च्या संघराज्याच्या कायद्यानंतर, महामार्गांसाठी मिळणारा संघराज्याचा निधी कापला जाऊ नये म्हणून, सर्व राज्यांनी विक्रीचे किमान वय 21 केले. तळाच्या आतही सर्वसाधारणपणे त्या राज्याचेच वय लागू होते आणि तळप्रमुखाला ज्या मोजक्या सवलती देता येतात त्या फाटकाबाहेर लागू होत नाहीत. एकोणीस वर्षांच्या मरीनचे कार्ड शंभर टक्के खरे असते, आणि नेमके त्याच खऱ्या कार्डावरून तो एकोणीस वर्षांचा असल्याचे सिद्ध होते. अबकारी खाते वीस वर्षांखालील मुलांना गिऱ्हाईक म्हणून पाठवून दुकानांची परीक्षा घेते. त्यातील मुलगा ओळखपत्र दाखवतो तेव्हा ते स्वतःचे, खऱ्या तारखेचेच दाखवतो, तरीही लोक पकडले जातात, कारण ते कार्ड पाहतात, तारीख वाचत नाहीत.

तो तरुण पुन्हा आला तर कार्ड मागून घ्या, उलटा, आणि तारीख बसत असेल तर बिअर द्या.