‘मत्स्यदुष्काळ’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: पाऊस भरपूर झाला तरी कोकणातल्या बातम्यांत ‘मत्स्यदुष्काळ’ छापून येतो. समुद्रात दुष्काळ कसा? ‘टंचाई’ म्हणायला नको का?

शब्द चुकीचा नाही. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. पावसाशी त्याची गाठ आपल्या शेतीमुळे पडली. पण टंचाई वेगळी. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा बाजारात मासळीची टंचाई असते, समुद्रात नव्हे. २०१९ साली वायू, क्यार, महा अशी वादळं लागोपाठ आली, होड्या बंदरातच अडकल्या. महाराष्ट्राची मासळी त्या वर्षी जेमतेम दोन लाख टनांवर आली, त्यात या बुडालेल्या दिवसांचा वाटा मोठा होता. तीही टंचाईच.

दुष्काळ शोभतो तो तारली (सार्डिन) या माशाला. पावसाळी वाऱ्यांनी केरळच्या किनाऱ्याजवळ तळचं थंड, सकस पाणी वर येतं, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतं आणि त्यावर तारली पोसते. प्रशांत महासागराचं पाणी तापतं त्या, २०१५च्या एल निनोसारख्या वर्षी ही घडी बिघडते. केरळात २०१२ साली चार लाख टनांच्या आसपास मिळालेली तारली २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही आत आली, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा लाखाच्या वर गेली. दुष्काळामागून सुकाळ येतो, तसं.

पापलेटच्या बातमीत मात्र मला हा शब्द खटकतो. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या जाळ्यांत वीतभरही नसलेली पिल्लं येतात आणि विकलीही जातात. हे बियाण्याची ज्वारी दळून खाण्यासारखं आहे. दुष्काळ म्हटलं की दोष आभाळाकडे जातो, इथे तो जाळ्याच्या आसाचा आणि आपल्या खरेदीचाही आहे. शासनाने २०२३ साली पापलेटला राज्यमासा केलं आणि १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडायला मनाई केली, ती यासाठीच. तिथे सरळ ‘अतिमासेमारी’ लिहावं.

आणि करवत माशाला तर ‘दुष्काळ’ अजिबात नको. त्याची दातेरी करवत कुठल्याही जाळ्यात गुरफटते, पिल्लं थोडी होतात, वाढतातही सावकाश. २००१ पासून कायद्याने संरक्षण आहे, तरी आपल्या किनाऱ्यावर तो आता क्वचितच दिसतो. त्याच्यासाठी ‘नामशेष होण्याच्या वाटेवर’ हेच लिहावं लागेल.