समासातला दुर्योधन

"मॅडम, गीता लढ म्हणते की सोडून दे म्हणते?"

पन्नाशी ओलांडलेल्या त्या ताईंनी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) प्रश्न मला नवा नव्हता. हक्कसोडपत्राचा, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडून देण्याच्या कागदाचा, विषय निघाला की बायका तो आपापल्या शब्दांत विचारतात: वाटा मागितला तर माहेर तुटेल का, आणि नाही मागितला तर जन्मभर सलत राहील का? या ताई बारा वर्षं गीतापठणाच्या वर्गाला जात होत्या, म्हणून त्यांच्या प्रश्नात गीता आली इतकंच.

वडील जाऊन दीड वर्ष झालेलं. गावाकडे वडिलोपार्जित जमीन आणि घर. थोरल्या भावाने कागद तयारच ठेवला होता. "शुक्रवारी ये, दोन मिनिटांचं काम आहे." ताई दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेल्याही, पण सहीच्या वेळी घशाला कोरड पडली, हात थरथरायला लागला आणि पेन खाली पडलं. बीपी वाढल्याचं सांगून त्या परत आल्या. वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, अनासक्ती शिकतेस ना, मग कर की सही. दुसरी म्हणाली, अर्जुनाला काय सांगितलं ते आठव आणि उभी राहा. पुस्तक एकच, सल्ले दोन.

मग त्यांनी पर्समधून ते पुस्तकच काढलं. खिशात मावेल एवढी गीता, पुठ्ठा चिकटपट्टीने धरलेला. पहिल्या अध्यायाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. दुर्योधनापुढे 'दादा'. धृतराष्ट्रापुढे 'नाना', म्हणजे वडील. अर्जुनापुढे 'मी'. कोपऱ्यात शकुनीही होता, 'वहिनी'. गीतेच्या पहिल्या अध्यायात शकुनीचं नावसुद्धा नाही, पण तो ताईंनी मुद्दाम आणून बसवला होता.

इथे माझी चूक झाली. मी घाईने सांगून टाकलं, की कौरव-पांडव ही आपल्याच मनातली दोन सैन्यं समजावीत, गांधीजींनीही कुरुक्षेत्र माणसाच्या आत पाहिलं. ताई ताठ झाल्या. "म्हणजे दादाचं काहीच चुकत नाही? सगळं माझ्याच मनात?"

त्यांचं बरोबर होतं. प्रतीकं सांगून हक्काचा प्रश्न गिळून टाकता येत नाही. कुरुक्षेत्र आत असेल, सातबारा तलाठ्याकडे असतो. म्हणून आधी आम्ही वकिलाकडे जायचं बोललो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क मिळाला, आणि त्यासाठी तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं, एवढं मला ठाऊक होतं. त्यांच्या कागदांना ते कसं लागू होतं हे वकिलाने बघायचं. माझं काम त्या पडलेल्या पेनाशी होतं.

"गाण्डीवं स्रंसते हस्तात्" हे ताईंना पाठच होतं. तोंडाला कोरड, अंगाला कंप, हातातून निसटणारं धनुष्य. पहिल्या अध्यायात अर्जुनाने स्वतःच सांगितलेली ही लक्षणं. मी विचारलं, त्या क्षणी त्याच्यासमोर कोण होतं? दुर्योधन? ताईंनी पान चाळलं. तिथे काका, आजे, गुरू, मामा, भाऊ, मुलं, नातवंडं, सासरे, मित्र अशी यादी आहे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत एका न्यायाधीशाचा दाखला आहे. शेकडोंना फाशी देणारा तो माणूस, स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून उभा राहिल्यावर फाशीची शिक्षाच कशी अमानुष आहे हे सांगायला लागतो. अर्जुनाचं तसंच झालं, असं विनोबा म्हणतात.

"मग माझं काय अडतंय?" ताई म्हणाल्या.

समासात एक जागा कोरी होती. भीष्मापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"ते चांगले ना, मॅडम."

"चांगलेच. पण उभे कुणाच्या बाजूने?"

ताई बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मी विचारलं, तुम्ही कुणाला काही शब्द दिलाय का? तेव्हा बाहेर आलं. अकरा वर्षांपूर्वी, दवाखान्यात, आई जायच्या आदल्या रात्री म्हणाली होती, "दादाशी कधी वाकडं घेऊ नकोस." ताईंनी तिचा हात धरून हो म्हटलं होतं. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नव्हतं.

माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये दुर्योधन तसे कमीच भेटतात. भीष्म मात्र जागोजागी. एका जुन्या शब्दाला बांधलेले, त्या शब्दाचा आता कोण कसा वापर करतंय हे दिसत असूनही जागचे न हलणारे. आईचं म्हणणं भांडू नकोस असं होतं की मागू नकोस असं, हा प्रश्न ताईंनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला विचारला. उत्तर मी दिलं नाही. ते माझं नव्हतंच.

घरी करायला दिलं ते एवढंच: आठवडाभर संजय व्हा. जे दिसलं, ऐकलं, अंगात जाणवलं तेवढंच वहीत लिहायचं. नावं ठेवायची नाहीत. धृतराष्ट्राचा गीतेत एकच श्लोक आहे आणि त्यातच तो 'मामकाः' म्हणून मोकळा होतो. माझे एकीकडे, पांडूचे दुसरीकडे. ज्ञानेश्वर तिथेच त्याला 'पुत्रस्नेहें मोहितु' म्हणतात. संजय त्याच राजाचं मीठ खातो, पण राजाला न रुचणारंही सांगतो. (तो अगदी तटस्थ होता असं नाही, शेवटच्या श्लोकात कौल देतोच. पण आधी सगळं बघून.)

पुढच्या खेपेला वहीची चार पानं भरली होती. "दादा म्हणाला, लोक काय म्हणतील. माझे हात गार पडले." "वहिनीने फोन घेतला, आवाज बारीक होता." आणि एका ओळीखाली ताईंनीच रेघ मारली होती: "धाकटा म्हणाला, ताईला विचारून तरी घ्यायचं." हे मागचं आठवून लिहिलेलं. सहीच्या दिवशी त्या कार्यालयात, सगळ्यांसमोर हे वाक्य बोललं गेलं होतं. तेव्हा ताईंच्या कानावरून गेलं होतं, कारण धाकट्या भावाचं नाव त्यांनी आधीच कौरवांत घातलं होतं.

"विकर्ण," त्या हळूच म्हणाल्या. द्यूतसभेत द्रौपदीची बाजू घेऊन बोलणारा तो एकटा कौरव. पुढे युद्धात तो दुर्योधनाच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून मेला, हेही ताईंना माहीत होतं. त्यामुळे धाकट्याकडून त्यांनी फार आशा धरली नाही, हे मला आवडलं.

दादाला काय सांगायचं ते आम्ही तीनदा बोलून बघितलं. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा आवाज चढला. तिसऱ्यांदा जमलं: "दादा, मी आत्ता सही करणार नाही. आधी सातबारा आणि फेरफार बघेन, वकिलाशी बोलेन. भाऊबीजेला ये, वाट बघते."

दादा भाऊबीजेला आला. ओवाळून घेतलं, फराळाला हात न लावता गेला. त्याला आता तीन महिने झाले, तो बोलत नाही. ताईंना झोप लागते, पण गावचा फोन आला की छातीत अजून धस्स होतं.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला मोबाइल दाखवला. धाकट्याने व्हॉट्सॲपवर सातबाऱ्याच्या उताऱ्याचा फोटो पाठवला होता. खाली एक शब्दही लिहिलेला नव्हता.