स्वादुपिंडाची सूज हळदीच्या कॅप्सूलने बरी होते का?

तुम्ही विचारलंय की भावाला क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस म्हणजे स्वादुपिंडाची जुनाट सूज आहे आणि कुणीतरी सांगितलंय की हळद, ग्रीन टी, द्राक्षाच्या बिया यातल्या अँटिऑक्सिडंटने सूज उतरते, तर चालू गोळ्या थांबवून हे द्यावं का. थांबवू नका प्लीज, आधी एवढं ऐका.

मी फार्मासिस्ट आहे, काउंटरवर हा प्रश्न कायम येतो. कल्पना अगदीच हवेतली नाहीये. स्वादुपिंडातलं ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं एन्झाइम आतड्यात जाऊन कामाला लागायला हवं, ते ग्रंथीतच जागं होतं आणि ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते, त्यात फ्री रॅडिकल्स म्हणजे पेशींना इजा करणारे कण तयार होतात (अँटिऑक्सिडंट यांनाच आवरतात) आणि सूज अजून भडकते. उंदरांना सेरुलीन नावाचं रसायन देऊन हा आजार मुद्दाम करतात, आणि त्यांच्यात हळदीतलं कर्क्युमिन, द्राक्षातलं रेझव्हेराट्रॉल वगैरेंनी सूज कमी झालेली दिसलीय. पण अशा बऱ्याच प्रयोगांत औषध सूज येण्याआधीच दिलेलं असतं हो! उंदराला आजार कधी होणार हे आधीच माहीत असतं, तुमच्या भावाला कळ येते तेव्हा सगळं सुरू होऊन गेलेलं असतं.

माणसांवरचं सांगायचं तर मणिपालच्या डॉक्टरांनी 2005 मध्ये ट्रॉपिकल पॅन्क्रियाटायटिसच्या (उष्ण प्रदेशात दिसणारा याच आजाराचा प्रकार) 20 पेशंटवर छोटा अभ्यास केला, 500 मिलिग्रॅम कर्क्युमिन आणि 5 मिलिग्रॅम पिपेरिन म्हणजे मिरीतला घटक, सहा आठवडे. रक्तातल्या ऑक्सिडेशनच्या खुणा सुधारल्या पण दुखणं काही कमी झालं नाही. आणि पेशंटला हवं असतं ते दुखणं थांबायला, रिपोर्टातला आकडा नाही.

थोडी आशा आहे ती वेगळ्या ठिकाणी. दिल्लीच्या एम्समध्ये 127 पेशंटपैकी काहींना सहा महिने सेलेनियम, व्हिटॅमिन सी, ई, बीटा कॅरोटीन आणि मेथिओनिन असं अँटिऑक्सिडंटचं मिश्रण दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली दिखाऊ गोळी (2009 चा पेपर), तर मिश्रणावर 32 टक्के लोकांचं दुखणं पूर्ण थांबलं, नुसत्या दिखाऊ गोळीवर 13 टक्के. मँचेस्टरला 2012 मध्ये असंच मिश्रण दिलं तर फरकच नाही, पण तिथले पेशंट वयाने मोठे आणि बरेचसे दारूमुळे आजारी झालेले. म्हणजे भाऊ तरुण असेल, दारूचा संबंध नसेल तर गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना या मिश्रणाबद्दल जरूर विचारा, पण हे झाडपाल्याचं औषध नाही आणि कुठल्याही दुकानातून आपल्या मनाने आणायचंही नाही.

भाजीतली हळद खुशाल खाऊ द्या. कॅप्सूलची गोष्ट वेगळी, पिपेरिनमुळे कर्क्युमिन कितीतरी पट जास्त अंगात भिनतं आणि अशा सप्लिमेंटने लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस इटली-अमेरिकेत नोंदल्या गेल्यात.

मला खरी काळजी वाटते ती एन्झाइमच्या कॅप्सूलची, म्हणजे स्वादुपिंड कमी पडतं म्हणून अन्न पचवायला डॉक्टर देतात ती. महाग असतात म्हणून लोक त्याच आधी सोडतात आणि ते पैसे हळदीबिळदीच्या अर्काच्या गोळ्यांत घालतात, मग वजन उतरतं, शौचाला तेलकट, तरंगणारं होतं. शिवाय बरेच जण ती जेवण झाल्यावर बाकीच्या गोळ्यांसोबत घेतात. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण मोठं असेल तर डॉक्टरांना विचारून काही मधे, कारण ती अन्नात मिसळली तरच काम करते. भावाला एकदा विचारा तो कधी घेतो. आणि पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी जोराची कळ, सोबत उलट्या असं झालं तर काढा-बिढा काही न पाजता सरळ हॉस्पिटल गाठा.

ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि पित्ताशयातल्या खड्यांची तपासणी झालीय का? झाली असेल तर रिपोर्ट कॉमेंटमध्ये सांगा, दारू-सिगारेटचंही सांगा.