पायवाट टाळणारे दादा

प्रश्न : आमचे थोरले दादा १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. निवृत्तीनंतरही ते परगावीच राहिले आणि यंदा इतक्या वर्षांनी गणपतीला गुहागरच्या घरी आले. परंतु आगरातली पायवाट सोडून ते काट्याकुट्यांतून विहिरीवर जातात आणि फटाके वाजले की ओटीवरून उठून माजघरात जाऊन बसतात. आमचे काही चुकले का?

उत्तर : नाही, ताई. श्रीलंकेत भूसुरुंगांनी शांतिसैनिकांचे अनेक बळी घेतले. मळलेल्या वाटेवर पाऊल टाकायचे नाही, या ज्या सवयीने तेव्हा जीव वाचवला, ती सहजी सुटत नाही, आणि नोकरीची धावपळ संपल्यावर अशा आठवणी कित्येकदा अधिकच जोर धरतात. पंगतीत त्यांना युद्धाच्या गोष्टी विचारू नयेत (आपल्याकडे पाहुण्यांना ही हौस फार!), फटाके केव्हा वाजणार ते आधी सांगावे आणि मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नये. स्वतःहून बोलले, तर मध्ये न तोडता ऐकावे. झोप उडाली असेल किंवा संताप आवरत नसेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेचे कार्ड असल्यास तेथील डॉक्टरांनाही भेटावे. पायवाटेचा आग्रह मात्र धरू नका. ते जातात तेवढी काट्यांची पट्टी कोयत्याने साफ करून ठेवा.