वाचकांचे प्रश्न : बास्केटबॉलचा सर्वश्रेष्ठ कसा ठरवायचा?

प्रश्न : मायकल जॉर्डन एनबीएच्या (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) सहा अंतिम मालिका खेळला आणि सहाही जिंकला. लेब्रॉन जेम्सने दहांपैकी चारच जिंकल्या. तरी वाद का मिटत नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कारण ‘सहापैकी सहा’ म्हणताना जॉर्डनच्या पंधरापैकी नऊ हंगामांचा हिशेबच होत नाही. 1985, 1986 आणि 1987 मध्ये त्याचा संघ शिकागो बुल्स बाद फेऱ्यांमध्ये पहिल्याच फेरीत गारद झाला. ते पराभव कुणी धरत नाही. लेब्रॉन अंतिम मालिकेत हरला की ते मात्र त्याच्या नावावर उणे. लवकर हरणाऱ्याला बक्षीस देणारं हे माप आम्हाला मान्य नाही.

जॉर्डनच्या बाजूने याहून भक्कम पुरावा आहे तो 1987-88 चा. सामन्यामागे 35 गुण काढून तो लीगमध्ये पहिला, एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) तोच आणि वर्षाचा सर्वोत्तम बचावपटूही तोच!

वाद फिसकटतो तो मध्येच माप बदलल्यामुळे. आधी ठरवा, शिखर मोजायचं की पल्ला? सर्वोत्तम पाच-सहा हंगाम धरले तर आमचं मत जॉर्डनला. पूर्ण कारकीर्द धरली तर लेब्रॉनला. कारकिर्दीतल्या सर्वाधिक गुणांचा विक्रम होता करीम अब्दुल-जब्बारचा, 1,560 सामन्यांत 38,387 गुण. लेब्रॉनने तो विक्रम 7 फेब्रुवारी 2023 रोजी 1,410व्या सामन्यात मोडला, तेही पास देण्यात इतका वाकबगार असताना. 2016 च्या अंतिम मालिकेत तर गुण, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), असिस्ट (ज्यावर गुण होतो तो पास), स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ब्लॉक (शॉट अडवणं) या पाचही बाबतींत दोन्ही संघांत तो पहिला होता.

प्रश्न : विल्ट चेंबरलेनची 1961-62 ची सरासरी सामन्यामागे 50.4 गुण होती. मग तो आपोआप पहिला नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आकडा खरा आहे, पण काळ वेगळा होता. तेव्हा खेळ फार वेगवान, संघ सामन्यात शंभरहून जास्त शॉट घेत. तुलना घरी कागदावर करता येते. खेळाडूच्या सरासरीला त्या हंगामातल्या लीगच्या संघ-सरासरीने भागा. विल्ट : 50.4 भागिले 118.8, म्हणजे 42 टक्के. जॉर्डन, 1986-87 : 37.1 भागिले 109.9, म्हणजे 34 टक्के. आता मिनिटं बघा. विल्ट सामन्यामागे 48.5 मिनिटं मैदानावर (सामना 48 चाच, वरची मिनिटं ओव्हरटाइमची), जॉर्डन 40. विल्टचे 42.4 टक्के 40 मिनिटांवर आणले की उरतात 35. एवढी मोठी दरी एका टक्क्यावर येते! मात्र न दमता 48 मिनिटं खेळणं हाही गुणच, त्यामुळे मिनिटांची वजावट करून विल्टला मोडीत काढू नका. त्या वर्षीचा एमव्हीपी मात्र बिल रसेल होता.

प्रश्न : रसेलची 11 विजेतेपदं, मग फायनल्स एमव्हीपी (अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) एकही कसा नाही? (एक वाचक, पणजी)

उत्तर : तो पुरस्कार सुरूच झाला 1969 मध्ये, रसेलच्या शेवटच्या हंगामात, आणि पहिला मिळाला हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टला. ब्लॉक आणि स्टीलची अधिकृत नोंद तर 1973-74 पासूनची. म्हणजे रसेलचं सगळ्यात मोठं काम, बचाव, कागदावर आलेलंच नाही. 2009 पासून फायनल्स एमव्हीपी पुरस्काराला नाव आहे बिल रसेलचंच.